हिला हाक कशी मारता?

दवाखान्यात कुणी पाऊल टाकलं की डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. काय झालंय, कधीपासून, वैरण खाल्ली का, शेण कसं पडतंय, हे सगळं नंतर. आधी ते पेशंटकडे बघत, मग त्याला घेऊन आलेल्या माणसाकडे, आणि अगदी हळू आवाजात विचारत, "हिला हाक कशी मारता?"

नवखा माणूस नाव सांगायचा. "कपिला."

"नाव झालं. हाक कशी मारता? मारून दाखवा."

इथं भल्याभल्यांची पंचाईत व्हायची. घरच्या गोठ्यात आपण जनावराला जी हाक मारतो, ती चारचौघांत मारण्यासारखी नसते. एकदा एका नावाजलेल्या तालमीचे पैलवान आले होते. कान मोडलेले, मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते कळू नये असे. काखेत एक पांढरीशुभ्र पॉमेरेनियन कुत्री. डॉक्टरांनी प्रश्न विचारला तसे पैलवान कानापर्यंत लाल झाले. बाकावरच्या दोन बायकांना त्यांनी बाहेर जायची विनंती केली, माझ्याकडे पाठ केली आणि एवढ्या थोरल्या छातीतून एवढुसा आवाज काढला, "छकुले, माजी बबडी कुटं हाय गं?" कुत्रीनं लगेच त्यांचं नाक चाटलं. डॉक्टरांनी तीच हाक, त्याच लाडिक सुरात मारली आणि तिनं तपासायला निमूट तोंड उघडून दात दाखवले. जाताना पैलवान मला म्हणाले, "मॅडम, ह्ये तेवढं तालमीत कळू देऊ नका."

मी तिथं नोकरीला लागले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. जनावरांची डॉक्टर मुलगी म्हटल्यावर लोक माझ्याकडे जत्रेतला पाळणा बघावा तसे बघत. कोल्हापूरच्या गंगावेशीजवळच्या त्या दवाखान्यात मुलाखतीला गेले तेव्हा माझी प्रमाणपत्रांची फाईल डॉक्टरांनी उघडलीसुद्धा नाही.

"गाव कुठलं?"

"नेसरी."

"घरी जनावरं?"

"दोन गाई आहेत."

"हाक कशी मारता?"

आईचं माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळे आमच्या गाईंना कानडीत 'बा', म्हणजे 'ये', म्हटलं की कळायचं. मी डोळे मिटले आणि आई मारते तशी हाक मारली, "बा बा बा, बा गं ढवळे, बाऽऽ." डोळे उघडले तर डॉक्टर खूश होऊन बघत होते. "उद्यापासून या," म्हणाले. एवढीच मुलाखत.

कोल्हापुरात मंडईत दोन माणसं कोथिंबिरीच्या जुडीवरून बोलत असली तरी परगावच्या माणसाला वाटतं, आता मारामारी होणार. अशा गावात हा माणूस कुजबुजत बोलायचा. दवाखान्याच्या दारावर त्यांनी रंगवून घेतलं होतं, 'आवाज खाली.' बाहेर रस्त्यावर एकमेकांच्या नावानं शंख करणारी माणसं उंबरा ओलांडला की पोरगं झोपलेल्या घरात आल्यासारखी वागायची. म्हशीचं पोट फुगलंय हेसुद्धा कानात सांगायची. बाहेर पडली की मग कोंडलेलं सगळं एकदम सुटायचं आणि गल्ली दुमदुमायची. डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. जनावराला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं, त्यात ते आजारी, त्यात परक्या जागी. आपण काय म्हणून ओरडायचं?

एकदा एका औषध कंपनीचा टाय लावलेला तरुण आला. कंपनी सगळ्या डॉक्टरांना भिंतीवर लावायला सुंदर फ्रेम करून देणार होती. त्यानं विचारलं, "सर, तुमच्या प्रॅक्टिसची मार्गदर्शक तत्त्वं कोणती?" डॉक्टरांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "हाक विचारायची. सांगून हात लावायचा. आणि जायच्या वेळेला ओळखीच्या माणसानं जवळ बसायचं."

तरुणाचं पेन थांबलं. "एवढंच, सर?"

"एवढंच जमत नाही हो," डॉक्टर म्हणाले. फ्रेम काही आली नाही. बहुतेक कंपनीला ते फारच थोडं वाटलं असावं.

सांगून हात लावायचा म्हणजे खरोखर सांगून. "बाई, आता सुई टोचतोय बघ. मुंगी चावल्यागत हुईल. हलू नको." हे ते रेड्यालाही सांगत आणि पिंजऱ्यातल्या पोपटालाही. मला सुरुवातीला हसू यायचं. पहिल्याच महिन्यात एका गाईला मी न सांगता मागून इंजेक्शन दिलं आणि तिनं लाथेनं मला सरळ शेणाच्या पाटीत बसवलं. डॉक्टर धावत आले. माझ्याकडे नव्हे, गाईकडे. "भ्यालीस व्हय गं? मॅडम नव्या हायेत. परत न्हाय करायच्या." तिची मान खाजवून झाल्यावर त्यांना मी दिसले.

त्यांच्या दवाखान्यात 'मालक' हा शब्द चालत नसे. "पेशंटचं माणूस कोण?" असं विचारलं जाई, आणि ते माणूस कोण हे डॉक्टर स्वतः ठरवत. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतले एक बडे साहेब अल्सेशियन घेऊन आले होते. कुत्रा काही खात नव्हता, कोपरा सोडत नव्हता. साहेबांनी हाक मारून दाखवली, "टायगर, कम! कम, बॉय!" टायगरनं भिंतीकडे बघितलं. डॉक्टरांनी साहेबांच्या मागं पाण्याचं भांडं घेऊन उभ्या असलेल्या स्वयंपाकाच्या मावशींना विचारलं, "तुम्ही कशी मारता?"

मावशींनी साहेबांकडे बघितलं. "मारू?"

"मारा की."

"ये की रं भाड्या! किती वाट बगाय लावतोस!"

टायगर, एवढं मोठं धूड, सगळं अंग हलवत त्यांच्या पायाशी जाऊन पडला. डॉक्टर हळूच म्हणाले, "साहेब, तुम्ही जरा बाहेर बसा. पेशंटचं माणूस घावलं." चौकशीत निघालं ते असं, की मावशी भाचीच्या लग्नाला गावी जाऊन राहिल्या होत्या. साहेबांनी औषध विचारलं. "मावशी पुढच्या वेळेला गावाला जातील तवा ह्यालाबी संगट धाडा," एवढंच सांगून डॉक्टरांनी पुढचा पेशंट घेतला.

तिसरं तत्त्व मात्र मला कित्येक दिवस झेपलं नाही. म्हाताऱ्या, सुटका नसलेल्या जनावराला शेवटचं इंजेक्शन द्यायची वेळ आली की माणसं बाहेर जाऊन उभी राहतात. बघवत नाही म्हणतात. डॉक्टर त्यांना आत आणत. एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर असेच पाठ करून रस्त्यावर उभे होते, आत त्यांची आंधळी झालेली कुत्री. डॉक्टर बाहेर गेले आणि म्हणाले, "सर, ती दाराकडं कान लावून बसलीया. मी तिचा कोण लागतो? शेवटची हाक ओळखीची पाहिजे." मास्तर आत आले, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि हाक मारत राहिले. नंतर ते दर दिवाळीला डॉक्टरांना स्वतः रंगवलेलं भेटकार्ड पाठवायचे.

आणि ज्याला कुणीच नाही त्याचं काय? ट्रकखाली सापडलेला एक रस्त्यावरचा कुत्रा लोकांनी पोत्यात घालून आणला होता. वाचण्यासारखा नव्हता. डॉक्टर त्याच्या कानाशी वाकले आणि त्यांना ठाऊक असलेल्या सगळ्या हाका एकेक करून मारायला लागले. मोत्या. राजा. काळू. वाघ्या. छोट्या. बाळ्या. बाळ्या म्हटल्यावर शेपटीचं टोक जरासं हललं. "बाळ्या हायस व्हय?" डॉक्टर म्हणाले, "मग आधी सांगायचं न्हाय का, लेका?" आणि शेवटपर्यंत ते त्याला बाळ्या म्हणत राहिले. मी मागच्या मोरीत जाऊन मनसोक्त रडले.

त्या दिवशी मी त्यांना विचारलं, हे हाकेचं तुमच्या डोक्यात आलं कुठून? खिडकीत एक छोटी बुद्धमूर्ती होती, तिच्यावरची धूळ पुसत ते म्हणाले, "माझ्या आज्याचं नाव फार चांगलं होतं, मॅडम. पण गावात त्या नावानं कुणी हाक मारली नाही. मेलेलं जनावर ओढायचं असलं की वाड्याच्या दारातनं नुसतं 'ए' म्हणायचे. त्या 'ए'ला आजा उठायचा. उठायलाच लागायचं. धम्म घेतल्यावर आमच्या लोकांनी ते काम सोडलं. बाप मला म्हणाला, तू आता जित्या जनावराला हात लाव." एवढं बोलून त्यांनी समोरच्या हॉटेलातून दोन चहा मागवले आणि हा विषय पुन्हा कधी काढला नाही.

आता बिजलीची गोष्ट.

सर्जेराव गवळी पहाटे गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायचे. बिजली त्यांची लाडकी. ती व्याली आणि दुसऱ्याच दिवशी खाली बसली ती उठेना. दुधाचा ताप. अंगातला चुना दुधात उतरतो आणि जनावराच्या पायांतलं बळ जातं. आम्ही त्यांच्या गोठ्यात जाऊन शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली. कान गरम झाले, नाक ओलं झालं, तिनं वैरणही खाल्ली. आजार गेला होता, पण म्हैस उठत नव्हती. एवढं वजन फार वेळ एका अंगावर राहिलं की पाय कायमचे जातात, म्हणून आम्ही तिला सारखं कुशीवर वळवत होतो. सर्जेरावांचा भाऊ दारात उभा होता. म्हणाला, "व्यापाऱ्याला सांगून ठेवलंया. सांजंपातूर उटली न्हाय तर टेंपो येतोय." टेंपोतून ती कुठं जाणार हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. सर्जेरावांची बायको आक्काताई म्हशीच्या गळ्यात हात टाकून बसली होती.

"सर्जेराव, हाक मारा," डॉक्टर म्हणाले.

सर्जेरावांनी हाक मारली. "बिजलेऽऽ, हुर्रर्र." म्हैस रवंथ करत राहिली. डॉक्टरांनी मारून बघितली. काही नाही. पुन्हा सर्जेराव. काही नाही. डॉक्टर तिच्या तोंडाजवळ बसून तिच्या कानांकडे बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "ह्या हाकेला हिचा कानबी हलत न्हाय. ही हाक हिची न्हवं."

सर्जेराव पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागले. भल्या मोठ्या मिशांचा माणूस, पण शाळेत गृहपाठ विसरल्यासारखा चेहरा.

"आवो, सांगा की खरं!" आक्काताई ओरडली. दवाखान्यात नव्हतो, म्हणून चाललं. "तिचा जीव जायाची येळ आली आन् तुमी लाजताय?"

"डॉक्टर," सर्जेराव खाली बघत म्हणाले, "ती हाकंला येतच न्हाय. ती फटफटीला येती."

कोल्हापूरच्या माणसाला यापुढं सांगायला नको. दिवाळीच्या पाडव्याला इथं म्हशी सजतात. शिंगं रंगवायची, त्यांना मोरपिसं लावायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या आणि मिरवणूक काढायची. मोटारसायकलच्या सायलेन्सरची पुंगळी काढायची, कानठळ्या बसतील असा फडफडाट करत गाडी पुढं पळवायची आणि आपली म्हैस त्या आवाजामागं कशी धावत येते ते गावाला दाखवायचं. ज्याची म्हैस गर्दीतून नेमक्या आपल्याच गाडीमागं येते, त्याची कॉलर वर्षभर ताठ. आणि डॉक्टरांना या फडफडाटाचा भयंकर राग. दर पाडव्याला ते दवाखान्याच्या दारात ओठांवर बोट ठेवून उभे राहत आणि सर्जेरावांना हमखास अडवून झापत. असला कुजबुजत झापणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. त्यामुळे सर्जेराव सकाळपासून नाही नाही त्या हाका मारत होते आणि खरी तेवढी लपवून ठेवली होती.

आक्काताई डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती.

"पुंगळी कुठाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"फळीवर."

"काढूनच ठिवलीया?"

"व्हय."

"मग आण की गाडी."

सर्जेराव धावत गेले. डॉक्टरांनी बिजलीच्या कानात सांगितलं, "आवाज हुईल. भिऊ नको. तुझाच हाय." मग सर्जेरावांना म्हणाले, "इथं उभं राहून न्हाय. आपण निघून चाललोय असं तिला वाटलं पायजे." सर्जेरावांनी किक मारली. गोठ्याचे पत्रे थरथरले. बिजलीचे दोन्ही कान एकदम पुढं आले, रवंथ थांबलं. गाडी हळूहळू बोळाच्या तोंडाकडे निघाली. म्हशीनं मागचा भाग उचलला आणि धपकन ढासळली. डॉक्टरांनी तिच्या कमरेला खांदा लावला, मी दुसऱ्या बाजूनं लावला. आवाज लांब जात होता. तिनं मान ताणली, पुन्हा मागचे पाय रोवले, मग पुढचे, आणि उभी राहिली. पाय लटलटत होते. तशीच एक पाऊल टाकून ती दाराकडे निघाली.

आक्काताई मोठ्यानं रडत होती. डॉक्टर दोन्ही कानांत बोटं घालून उभे होते आणि त्यांच्याही गालांवरून पाणी वाहत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता.

त्यानंतर तह झाला. वर्षातून एकदा, पाडव्याला, मोकळ्या माळावर पुंगळी काढायची. दवाखान्याच्या गल्लीत मात्र अजिबात नाही. सर्जेरावांनी तो तह इतका इमानानं पाळला की गल्लीच्या तोंडाशी आले की ते गाडी बंद करत, उतरत आणि हातानं ढकलत नेत. मागून रंगवलेल्या शिंगांची बिजली, आणि पुढं घामाघूम झालेले, नवा फेटा बांधलेले सर्जेराव. गल्लीतली पोरं हसायची. डॉक्टर दारात उभे राहून मानेनं नमस्कार करायचे.

पुढं काही वर्षांनी डॉक्टर एका ओल्या गोठ्यात घसरून पडले. खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं, हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, चाला. घरी वॉकर आणला, व्यायाम शिकवायला माणूस यायचा. डॉक्टर उठेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. मी घाबरले. आयुष्यभर त्यांनीच मला शिकवलं होतं, की जनावर भिंतीकडे तोंड करून बसलं आणि उठायची इच्छा सोडली की औषधाचं काही चालत नाही. त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं आणि तरी ते पडून होते. मी दवाखान्यातल्या अवघड केसेस मुद्दाम त्यांच्याकडे घेऊन जाई. "तुम्हीच बघा, मॅडम," एवढंच म्हणायचे. घर दवाखान्याच्या वरच होतं, खालून जनावरांचे आवाज येत, त्यांनाही ते वळत नसत.

पाडव्याच्या दिवशी सर्जेराव वर आले. खाली बिजलीची लेक सजून उभी होती. बिजली म्हातारी होऊन गेली तेव्हा शेवटची हाक म्हणून सर्जेरावांनी गाडी सुरू करून गोठ्यात उभी केली होती, आणि डॉक्टर बाजूला बसले होते. सर्जेरावांनी अंथरुणाकडे बघितलं, भिंतीकडे वळलेली पाठ बघितली, आणि डॉक्टरांनीच शिकवलेल्या बारीक आवाजात डॉक्टरांच्या बायकोला विचारलं, "वैनी, ह्यास्नी हाक कशी मारता?"

काकूंचे डोळे भरून आले. "अहो म्हणते. दुसरं काय म्हणणार? जन्मभर अहोच म्हणत आले."

"त्येनं उटत न्हाईत?"

"नाही."

सर्जेरावांनी माझ्याकडे बघितलं. "तुमी?"

"डॉक्टर म्हणते," मी म्हणाले. मला एकदम फार वाईट वाटलं. सगळ्या गावाच्या जनावरांच्या हाका या माणसाला पाठ, आणि त्याची हाक आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. सर्जेराव मिशी चावत जिना उतरून गेले.

आणि मग तो आवाज आला. दवाखान्याच्या गल्लीत, थेट खिडकीखाली, पुंगळी काढलेल्या गाडीचा. कपाटाच्या काचा वाजायला लागल्या. काकूंनी कान झाकले. अंथरुणातली पाठ हलली.

"कोण आहे तो?" डॉक्टर म्हणाले.

काकूंनी माझा हात धरला.

"मॅडम, थांबवा त्याला! खाली बिजलीची लेक असंल. गाभण हाय ती!"

मी जागची हलले नाही. हललेही असते, पण काकू हात सोडेनात. डॉक्टर कोपरावर उठले. मग बसले. पाय खाली सोडले, वॉकर लांब होता तो ओढला आणि दात आवळून उभे राहिले. एक पाऊल, भिंतीला हात, पुढचं पाऊल. खिडकीशी पोचले, दोन्ही हातांनी गज धरले आणि गल्लीत कधी कुणी ऐकला नव्हता असा खणखणीत आवाज काढला,

"सर्जेराव! आवाज खाली!"

गाडी बंद झाली. गल्ली चिडीचूप. म्हैस मान वर करून खिडकीकडे बघत होती. सर्जेरावांनी फेटा सावरला, वर बघितलं, आणि ओठांवर बोट ठेवून, जेमतेम आम्हाला ऐकू येईल एवढ्या हळू आवाजात म्हणाले,

"वैनी, घावली बगा ह्येंची हाक."